कोनाडा पलीकडे होता

यावलच्या मळ्यांतून गवताचा भारा डोक्यावर घेऊन भिकू नावाची एक परकरी पोर ज्या घराच्या दारात उभी राहायची, त्या घरात एकदा दोन भावांचं मोठं भांडण झालं. ते तिने पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. आत जायची तिला मुभाच नव्हती. भारा ओट्याखाली टाकायचा, आतून कोणी भाकरी आणून वरून ओंजळीत टाकली की चालू लागायचं, असा तो काळ. त्या दिवशी भाकरी काही येईना, कारण सगळं घर भांडणात गुंतलं होतं. मग पोर ओट्याखाली बसून राहिली, कान टवकारून.

भाऊ दोन, थोरला रुपचंद आणि धाकटा नथ्थू. वाटण्या झाल्या होत्या आणि मधली भिंत कोणाची यावर घोडं अडलं होतं.

"भिंत माझी!" नथ्थू ओरडत होता. "दरवर्षी शेणाने मी सारवतो तिला!"

"सारवलं म्हणून तुझी? मग गावचा रस्ताही तुझाच, तिथं तुझ्या म्हशी रोज सारवतात!" रुपचंद म्हणाला.

आतून बायका हसल्या, मग कोणीतरी भांडं आपटलं, मग रडारड झाली. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या आबांना बोलावणं गेलं. आबा आले, काठी टेकत आत गेले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कोनाडे कोणीकडे आहेत?"

दोघांच्या खोल्या धुंडाळल्या. कोनाडे सगळे रुपचंदच्या बाजूला. नथ्थूच्या बाजूला भिंत तळहातासारखी सपाट.

"मग भिंत रुपचंदची," आबा म्हणाले. "बांधणारा माणूस कोनाडा आपल्या बाजूला ठेवतो. दुसऱ्याच्या घरात दिवा लावायला कोण जातं?"

"म्हणजे माझ्या खोलीला तीनच भिंती?"

"तीनच."

नथ्थूने रागारागाने त्याच उन्हाळ्यात आपल्या बाजूने दुसरी भिंत उभारली, पहिलीला चिकटून, मातीची, चांगली हातभर जाड. भिंत झोकात झाली. खोली मात्र एवढी अरुंद झाली की खाट आडवी मावेना. ती उभी टाकून तो दारातून पाय बाहेर काढून निजायचा. भारा घेऊन सकाळी गेलेल्या भिकूला आधी नथ्थूचे पाय दिसायचे, मग घर. ते पाय ती जन्मभर विसरली नाही. घर म्हणजे चार भिंती असं जो तो म्हणतो, पण त्या चारही आपल्या आहेत का, हे कोणी बघत नाही, असं तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

पुढे भिकूची भिकुबाई झाली. पितांबर सुरवाडे नावाच्या उंच, अबोल माणसाशी तिचं लग्न झालं. पितांबर वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामाला. तिथं आत जाताना रोज झडती व्हायची, खिशात काडेपेटी सापडली की संपलं. म्हणून पितांबरला एक खोड लागली. कुठल्याही दारातून आत शिरायचं म्हटलं की तो आधी सगळे खिसे चाचपून पाहायचा. सासुरवाडीला गेला तरी उंबऱ्यात थांबून खिसे चाचपायचा, आणि सासूला वाटायचं, जावईबापूंचं काहीतरी हरवलं.

संसार सगळा फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये झाला. क्वार्टर छान, नळ होता, वीज होती. पण खिळा ठोकायचा तरी अर्ज करा. भिकुबाई म्हणायची, "नथ्थूला निदान तीन तरी होत्या. आपल्याला एकही नाही."

नव्वद साल यायला थोडी वर्षं बाकी होती तेव्हा पितांबरच्या निवृत्तीची तारीख जवळ आली. पावसाळा लागायच्या आत क्वार्टर रिकामं करायचं होतं. पोरं जळगावला नोकरीला लागलेली, तेव्हा घर जळगावलाच घ्यायचं असं ठरलं. कोणतं घ्यायचं ते भिकुबाईने ठरवायचं, कारण पितांबर कुठल्याही घराला "बरं आहे" एवढंच म्हणायचा. आणि मागाहून बघू म्हणायला जागा नव्हती. पावसाची पहिली सर आली की सामान रस्त्यावर, एवढं दोघांना पक्कं ठाऊक होतं.

दलाल गाठला तो मोतीलाल. पांढरा पायजमा, कानाला अत्तराचा बोळा, तोंडात बिडी. बोलायला पक्का, पण माणूस वाईट नव्हता.

पहिल्याच दिवशी पितांबरने त्याला दारात अडवलं. "बिडी बाहेर."

"भाऊ, हे घर आहे. तुमची फॅक्टरी नाही."

"बाहेर," पितांबर म्हणाला. बिचाऱ्या मोतीलालने त्या उन्हाळ्यात जितक्या उंबऱ्यांवर बिड्या विझवल्या तितक्या त्याच्या बायकोनेही कधी विझवायला लावल्या नसतील.

भिकुबाईचं वेगळंच. मोतीलाल बोलता बोलता एखादा शब्द टाकायचा आणि ही तो उचलून धरायची.

"इसार देऊन टाका अक्का, घर हातचं जाईल."

"इसार म्हणजे काय, ते आधी सांगा."

"म्हणजे सौदा पक्का झाला याची खूण. थोडी रक्कम द्यायची, पावती घ्यायची."

"म्हणजे सुपारी फोडणं."

"तसंच समजा. मग साठेखत होतं. अमुक दिवसात तुम्ही घेणार, तो देणार, असा करार."

"साखरपुडा. पुढे?"

"मग खरेदीखत. रजिस्ट्रारपुढे सह्या, अंगठे. मालकी तुमच्या नावावर."

"लग्न लागलं. मग हे ताबा ताबा म्हणता ते काय?"

"ताबा म्हणजे किल्ली हातात येणं. आत राहायला जाणं."

"नांदायला जाणं ते," भिकुबाई समाधानाने म्हणाली. "लग्न लागून नांदायला न गेलेल्या पोरी आमच्या भावकीत दोन आहेत. तेव्हा मोतीभाऊ, लग्न आणि नांदणं एकाच दिवशी करू आपण. किल्ली हातात पडल्याशिवाय आमचा अंगठा उठणार नाही."

मोतीलाल हसला, आणि पुढे दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही तो साठेखताला साखरपुडाच म्हणू लागला.

असेच बाकीचे शब्द. घरावर बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज काढलेलं असलं तर तो बोजा. घर घेणाऱ्याच्या डोक्यावर तोही येतो, म्हणून आधी सिटी सर्व्हेचा उतारा काढून पाहायचा, त्यात मालकांची नावं आणि असे बोजे लागलेले असतात. दुसऱ्याच्या जागेतून वर्षानुवर्षं जायची वाट असली तर ती वहिवाट, ती अडवता येत नाही. घराच्या चारी दिशांना काय आहे, रस्ता का गल्ली का कोणाचं घर, ते कागदावर लिहितात ती चतुःसीमा. हा शब्द भिकुबाईला फार आवडला. "कागदालाही कळतं म्हणायचं, आजूबाजूला माणसं असतात ते."

आजूबाजूच्या माणसांचं मात्र तिचं स्वतःचं एक शास्त्र होतं. मोतीलाल घराचं कुलूप उघडायचा तोवर ती शेजारच्या दारात जायची आणि म्हणायची, "बाई, थोडं पाणी मिळेल का? उन्हातून आले."

जळगावचं ऊन, पाणी कोण नाही म्हणेल? पाणी यायचं. मग शेजारीण विचारायची, कुठल्या तुम्ही, घर घेता का, आणि फिरून फिरून गाडी आडनावावर यायची. भिकुबाई आडनाव सांगायची आणि मग फक्त बघायची. कोणी पेला खाली ठेवायला सांगायचं, मग त्यावर पाणी ओतून चिमटीत धरून आत न्यायचं. कोणी फारच गोड बोलायचं आणि पुढच्या वेळेला पाणी खिडकीतून द्यायचं. एका नव्या वसाहतीत तर घर एवढं सुरेख होतं, जोतं कमरेइतकं उंच, फरशी आरशासारखी. शेजारच्या बाईने आडनाव ऐकलं आणि भिकुबाईला ओंजळ पुढे करायला सांगितलं. वरून पाणी सोडलं, यावलच्या ओट्याखाली भाकरी पडायची तसंच.

भिकुबाई ते प्याली. ओंजळ झटकून परत आली.

"कसं वाटलं घर?" मोतीलाल उत्साहाने म्हणाला.

"शेजार बरोबर नाही."

मोतीलाल काहीतरी बोलायला गेला, पण तिच्या मनगटावरून ओघळलेलं पाणी त्याला दिसलं. मग कुलूप लावताना हळूच म्हणाला, "अक्का, हे आमच्या उताऱ्यात येत नाही."

"म्हणून तर पाणी मागते," ती म्हणाली.

घरं अशी एकामागून एक नापास होत गेली. वैशाख आला, आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया आली, गल्लीगल्लीत झोके बांधले गेले, माहेरवाशिणी गाऊ लागल्या. क्वार्टरमध्ये भिकुबाईची भांडी पोत्यात बांधून तयार होती. पितांबर खिडकीशी उभा राहून आभाळ बघायचा.

आखाजीनंतर मोतीलालने जुन्या जळगावातलं एक घर दाखवलं. ओळीने एकाला एक लागून घरं, त्यांतलं एक. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी आणि थोडी मोकळी बखळ. मालक सुरतेला स्थायिक झालेला. घर बरेच दिवस बंद होतं, पण आखाजीला पांढरं शुभ्र चुन्याने रंगवून घेतलं होतं. पाणी मागायचं म्हणून भिकुबाई शेजारच्या दाराकडे वळली, पण ते दार आतून बंद होतं. तेव्हा ती आधी घरातच शिरली.

पितांबरने खिसे चाचपले, उंबरा ओलांडला आणि जागच्या जागी थांबला.

"काहीतरी पेटलंय."

"मी विझवून आलो हो!" मोतीलालने रिकामे हात दाखवले.

"बिडी नाही. धूर वेगळा आहे."

भिकुबाईने नाक वर केलं. खरंच, बंद घरात, भर दुपारी, अगरबत्तीचा वास येत होता. चांगल्या, केवड्याच्या अगरबत्तीचा. घरात ना देव ना देव्हारा. चूल नाही, राख नाही, माणूस नाही.

मोतीलाल मुळीच गडबडला नाही. "वास्तू शुभ आहे, भाऊ! काही काही घरांना असतो असा सुगंध."

"आमच्या फॅक्टरीत असल्या सुगंधाला भोंगा वाजवतात," पितांबर म्हणाला आणि पुढची मागची खोली हुंगत फिरू लागला. भिकुबाईला हसू आवरेना. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने एका घरात एवढा रस घेतलेला तिने पहिल्यांदाच पाहिला.

वास मागच्या खोलीत जास्त होता. त्या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीवर एक कॅलेंडर टांगलेलं, तेही गेल्या सालचं. रिकाम्या घरात कॅलेंडर कशाला, असं भिकुबाईच्या मनात आलं. तिने हात पुढे केला तेवढ्यात भिंतीच्या पलीकडे घंटी वाजली. बारीक, पितळेची.

"शेजारीण घरातच आहे वाटतं," ती म्हणाली. "मी पाणी पिऊन येते."

"अक्का, तिच्याकडे नका जाऊ," मोतीलाल घाईने म्हणाला. "कुंदाबाई म्हणतात तिला. मी एकदा विचारपूस करायला गेलो तर भांडी घासलेलं पाणी फेकलं माझ्या अंगावर. राखेसकट!"

"मग माझ्यावर फेकायचं पाणी संपलं असेल," असं म्हणून भिकुबाई गेलीसुद्धा.

कुंदाबाई धुळ्याकडची, बोलणं अहिराणी. नवरा नाही, लेक लांब दिलेली. ठेंगणी, काळीसावळी, कपाळाला आठ्या. दारात उभी राहून तिने भिकुबाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय पाहिजे?"

"पाणी."

"ये, मधमा ये. बठ." तिने भिकुबाईला आत बसवलं, तांब्या भरून आणला आणि हातात दिला. "दलालसोबत उनी ना तू? तो बिडीवाला?"

भिकुबाईने तांब्या तोंडाला लावला आणि पिता पिता समोर पाहिलं. भिंतीत कोनाडा होता. चांगला खोल, महिरपीचा. आत एकवीरेची तसबीर, पितळेचं निरांजन, आणि केवड्याची अगरबत्ती. धूर सरळ वर जात नव्हता. कोनाड्यात मागे वळत होता आणि तसबिरीच्या पाठीमागे कुठेतरी नाहीसा होत होता, जणू आत कोणी बसून ओढून घेत होतं.

ती तांब्या हातात धरून बघत राहिली. कोनाडा इकडे आहे. म्हणजे भिंत कुंदाबाईची. म्हणजे पलीकडचं घर तीन भिंतींचं. नथ्थूचे पाय तिला डोळ्यांपुढे दिसले. आणि धूर पलीकडे जातो, म्हणजे भिंतीला आरपार चीर आहे.

"भिंत तुमची ना?" तिने विचारलं.

"मन्हा सासरानी बांधेल शे. तुले कोनी सांगं?"

"कोनाड्याने."

कुंदाबाईच्या आठ्या थोड्या सैल झाल्या. "दलालले तर समजनं नही इतलं. मोठा दलाल शे!" मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला. "आडनाव काय तुमनं?"

"सुरवाडे."

कुंदाबाईने कोनाड्याकडे बघितलं, भिकुबाईकडे बघितलं. "जयभीमवाला शेतस तुम्ही."

"हो."

"देव मानतस नही."

"बुद्धाला मानतो."

"मंग पलीकडे तुम्ही भिंतले टेकीसन बसश्यात, तर मन्ही मायले पाठ व्हई ना?"

आता हा प्रश्न भिकुबाईला आजवर कोणी विचारला नव्हता. ती खरंच विचारात पडली. भिंतीच्या पलीकडे पाठ केली तर ती पाठ होते का? मग गावात घरं एवढी दाटीने असताना कोणाची ना कोणाची पाठ कोणाच्या ना कोणाच्या देवाकडे असणारच.

"अक्का," ती म्हणाली, "सध्या तुमच्या देवीला पाठीची काळजी नाही, भिंतीची आहे. चीर रुंद झाली तर तसबीर एक दिवस आमच्या खोलीत येऊन पडेल. मग ती जयभीमवाली झाली असं म्हणाल तुम्ही."

कुंदाबाई आधी डोळे वटारून बघत राहिली आणि मग एकदम खुदकन हसली, पदर तोंडाला लावून. हसू ओसरलं तसं तिचं सगळं दुखणं बाहेर आलं. चीर दोन उन्हाळ्यांपूर्वी पडली होती. सुरतेच्या मालकाला निरोप धाडून धाडून ती थकली होती. एकटीने एका बाजूने लिंपावं तर पलीकडून माती गळते. आणि यंदा त्याने आपल्या बाजूने चुना फासला आणि घर विकायला काढलं. "मी म्हनं, जो घर ली तो बी असाच चुना लावी."

तिने रिकामा तांब्या भिकुबाईच्या हातून घेतला. आता भिकुबाई बघू लागली. बोलणं कितीही झालं तरी तांब्याचं काय होतं ते बघायचं, हा तिचा नेम. कुंदाबाई तांब्या हातात घेऊन जरा वेळ उभी राहिली. मोरीकडे एक नजर टाकली. मग वळली आणि तो तसाच, न विसळता, माठावर झाकण म्हणून उपडा घातला.

भिकुबाई उठली. भिंतीला चीर आहे, भिंत दुसऱ्याची आहे, पावसाळा तोंडावर आहे. पण घर सापडलं होतं.

परत येऊन तिने सरळ ते कॅलेंडर उचललं. मागे बोट जाईल एवढी चीर, आणि तीतून केवड्याचा धूर हळूच डोकावत होता. पितांबरने समाधानाचा सुस्कारा सोडला. धूर कुठून येतो ते कळलं की तो माणूस निवांत. मोतीलालचं मात्र तोंड उतरलं. "आईशप्पथ अक्का, हे मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक कसं होणार? तुम्ही शेजारी गेलात तेव्हा आंघोळ करून आलात."

मग गवंड्याला आणून दाखवलं. त्याने जोत्याशी खणलं आणि मान हलवली. काळी माती. उन्हाळ्यात ही भेगाळते, पावसाळ्यात फुगते. पाया मुरुमापर्यंत नेला नाही तर घर तिच्याबरोबर वरखाली होतं आणि भिंत तडकते. पावसाळ्यात हीच चीर मिटून जाते, म्हणून भर पावसात घर पाहणारा फसतो, आणि उन्हाळ्यात पाहणाऱ्याला चुना फसवतो. इलाज होता. त्या कोपऱ्यात पाया खोल करायचा आणि चिरेत आडव्या विटा बसवून दोन्ही बाजूंनी टाके घालायचे. पण दोन्ही बाजूंनी, आणि ज्याची भिंत त्याच्या परवानगीने.

"आणि उद्या तिने परवानगी काढून घेतली तर?" पितांबरने विचारलं. सगळ्या उन्हाळ्यातलं त्याचं हे सर्वांत लांब वाक्य.

"म्हणून खरेदीखतातच लिहून घ्यायचं," मोतीलाल म्हणाला. आता त्यालाही चेव आला होता. "भिंत सामाईक. तिने संमतीची सही करायची. सामाईक म्हणजे दोघांची. पाडायची तर दोघांनी मिळून, दुरुस्तीही दोघांनी मिळून. खिळा ठोकायचा तो आपापल्या बाजूने, अर्ध्या जाडीपर्यंत."

"अर्धी जाडी झाली हे कळणार कसं?" भिकुबाईने विचारलं.

"पलीकडून शेजारीण ओरडली की."

सुरतेच्या मालकाला दुरुस्ती कबूल करायला लावणं हे मोतीलालचं काम, ते त्याने चोख केलं. कुंदाबाईला विचारणं भिकुबाईचं. सासऱ्याने बांधलेली भिंत अर्धी दुसऱ्याच्या नावावर करायची, हे काही पाणी देण्याइतकं सोपं नाही. कुंदाबाईने दोन दिवस दार उघडलं नाही. तिकडे क्वार्टरच्या खिडकीतून ढग दिसू लागले होते. तिसऱ्या दिवशी भिकुबाई त्या रिकाम्या घरात जाऊन बसली. भिंतीला टेकून नाही, समोर. घंटी वाजली. धूर आला. आणि चिरेतून आवाज आला.

"भिकुबाई, शे का तठे?"

"आहे."

"कोनाडा मन्हाच राही ना?"

"कोनाडा तुमचाच. लिहून घेऊ."

"आनि भिंत पडनी तर?"

"तर दोघींची पडेल. एकटीची नाही पडणार."

पलीकडे ट्रंकेचं झाकण करकरलं. मग, "मंग मी येस कचेरीमा. चांगलं लुगडं काढनं पडी."

कुंदाबाई खरंच हिरवं लुगडं नेसून रजिस्ट्रार कचेरीत आली. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "संमती देणार तुम्ही का? खरेदीदाराच्या नात्यातल्या?"

"नही," कुंदाबाई म्हणाली, "भिंत एक शे आमनी."

किल्ली हातात पडली आणि मगच भिकुबाईने अंगठा नाही, सही केली, अक्षर अक्षर लावून. क्वार्टरमधली पोती आली. शेवटचं पोतं ओट्यावर चढलं तेव्हा पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले होते. पितांबर तशातही उंबऱ्यात थांबला आणि त्याने खिसे चाचपले.

भिंत शिवून झाली, वास यायचा बंद झाला. भिकुबाईला त्याची एवढी सवय झाली होती की पहिले काही दिवस तिला घर फिकं वाटलं. तिने बुद्धाची तसबीर लावायला जागा शोधली ती त्याच भिंतीवर, अर्ध्या जाडीच्या आतला खिळा ठोकून. कुंदाबाई बघायला आली. हाताने अंदाज घेतला, बरोबर कोनाड्याच्या पाठीमागे.

"दख माय," ती म्हणाली, "मन्ही एकवीरा आनि तुन्हा बुद्ध पाठले पाठ लाईसन बठेल शेतस."

"या वयात टेकायला पाठ बरी असते," भिकुबाई म्हणाली. त्यावर दोघी हसल्या आणि तो पाठीचा विषय मिटला तो कायमचा.

त्यानंतर घर घेणारी कोणीही बाई भिकुबाईला बरोबर न्यायला येऊ लागली. जामनेरच्या, भुसावळच्या, नात्यातल्या, बिननात्यातल्या. तिचं सगळंच बरोबर निघायचं असं नाही. एकदा तिने शाबासकी दिलेल्या घराची मोरी उलट्या उताराची निघाली आणि पाणी स्वयंपाकघरात आलं. "मी पाणी पिते, सांडत नाही," एवढंच ती म्हणाली, आणि पुढच्या घरापासून एक तांब्या मोरीत ओतूनही पाहू लागली. पितांबर गेला. पोरांनी वर स्लॅब टाकला, तोही सामाईक भिंतीवर, कुंदाबाईला विचारून. पण शेजारी पाणी मागायचा नेम काही चुकला नाही.

शेवटचं घर तिने पाहिलं ते धुळ्याला, नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून शिकून नर्स झालेली धनीबाई पावरा, थोरल्या सुनेची मैत्रीण. ती फ्लॅट घेणार होती. भिकुबाईला जिने चढवत नव्हते, तरी एसटीने गेली. तिथला दलाल तरणा होता. त्याने कार्पेट, बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप असं भराभर म्हटलं.

"हळू बाबा," भिकुबाई म्हणाली, "कार्पेट म्हणजे?"

"आत सतरंजी अंथरता येईल तेवढी जागा, आजी. बिल्ट-अप म्हणजे भिंतींची जाडी धरून. सुपर म्हणजे त्यात जिना आणि पॅसेजचा वाटाही आला."

"म्हणजे सामाईक."

"हो, सामाईक."

"मग तसं म्हण ना. कोट कशाला घालतोस त्याला?"

दलाल कुलूप उघडू लागला तशी भिकुबाई धापा टाकत समोरच्या दाराकडे गेली आणि तिने घंटी दाबली. साखळी लावलेल्या फटीतून एका तरुण बाईने पाहिलं.

"पोरी, पाणी मिळेल का? जिना चढून आले."

दार लागलं. भिकुबाई उभी राहिली. साखळी निघाल्याचा आवाज झाला आणि दार सताड उघडलं. बाईने तिला आत नेऊन खुर्चीत बसवलं. पाणी दिलं, मग कोण, कुठल्या, आणि कोण येणार इथं राहायला? भिकुबाईने सगळं सांगितलं. पाड्याचं नाव सांगितलं, पावरा आदिवासी हेही सांगितलं, आणि पेला परत देऊन गप्प बघत राहिली. बाईने पेल्यात उरलेलं पाणी खिडकीतल्या तुळशीला घातलं आणि त्याच पेल्यात माठातून पाणी घेऊन स्वतः घटाघटा प्याली. "तुमचं ऐकता ऐकता मलाच तहान लागली, आजी."

भिकुबाईने धनीबाईच्या मोरीत तांब्याभर पाणी ओतलं, ते नीट गेलं. भिंतींवर पेरं वाजवली. उत्तरेच्या भिंतीशी नाक नेऊन हुंगलं, सवयीने. मग दुपारच्या एसटीने परत आली.

दिवेलागणीला घरात शिरली, वहाणा काढल्या आणि मागच्या खोलीत जाऊन भिंतीवर बोटांची पेरं वाजवली.

"उनी का?" पलीकडून कुंदाबाईने विचारलं.

"आले."

"कसं शे घर?"

"समोरची बाई चांगली आहे. पेला तुळशीवर रिकामा केला आणि त्यातच प्याली."

"बाईनं नही इचारी राहिनू वं! घर कसं शे, ते सांग ना!"

"तेच तर सांगितलं," भिकुबाई म्हणाली आणि पाय मोकळे सोडून भिंतीला टेकली.